इलेक्ट्रोस्पिनिंग: तंतूंवर मणी पडतात, पावसात चटई चिकट होते. मार्गदर्शन हवे

समुद्रफेन

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका कॉलेजात एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प असा: इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च विद्युतदाबाने सुईतल्या द्रावणाची धार ओढून, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल म्हणजे पीव्हीएचे नॅनोतंतू काढायचे आणि त्यांची चटई पाणी गाळायला कितपत चालते ते बघायचं. विभागात २० किलोव्होल्टचा पुरवठा आहे, सिरिंज पंप आहे आणि समोर फॉइल गुंडाळलेली पाटी.

सध्याची कृती: पाण्यात ६ टक्के पीव्हीए, ८७-८९ टक्के हायड्रोलाइज्ड प्रतीचं. मेडिकलमधून आणलेली २२ नंबरची सुई, पाटीपर्यंत १२ सेंमी अंतर, १५ किलोव्होल्ट, ताशी १ मिली. फॉइलवर पांढरा थर धरतो, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत बारीक तंतू आणि त्यांवर जागोजागी मणी दिसतात. व्होल्टेज १८ पर्यंत नेलं तर मणी वाढले. त्यात पावसाने जोर धरल्यापासून थर चिकट होतो आणि फॉइलवरून सोलून निघत नाही.

सरांनी तंतूंची सरासरी जाडी काढून आणायला सांगितली आहे. फोटो एक हजार पट मोठे केलेले आहेत. किती तंतू मोजायचे? आणि मण्यांचं काय करू?

तंतुवेडी

समुद्रफेन, माहिती नीट दिलीत त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. पहिली गोष्ट: व्होल्टेजचं बटण सोडा आणि द्रावणाकडे या. इलेक्ट्रोस्पिनिंगला नव्याने लागलेला जवळजवळ प्रत्येक जण व्होल्टेज फिरवत बसतो, कारण ते बटण हाताशी असतं. तंतू कसा होणार हे बहुतेक वेळा बाटलीतच ठरलेलं असतं.

सुईच्या टोकाशी काय चालतं ते बघा. थेंबावर विद्युतभार चढला की भार एकमेकांना ढकलतात आणि पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो. भाराचा जोर वाढत गेला की थेंब शंकूसारखा ताणला जातो. जी. आय. टेलर यांनी १९६४ साली या शंकूचं गणित मांडलं आणि त्याचा अर्धकोन ४९.३ अंश येतो हे दाखवलं. शंकूच्या टोकातून धार सुटते. आता ती धार धार राहणार की तुटून थेंब होणार, हे द्रावणातल्या पॉलिमरच्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत किती अडकल्या आहेत यावर ठरतं. पाक करताना बोटांमध्ये तार धरून बघतो ना, तसंच. एकतारी पाक व्हायच्या आधी ओढलं तर थेंब पडतो. तुमचं ६ टक्क्यांचं द्रावण अधल्यामधल्या अवस्थेत आहे. तार धरते, पण पृष्ठताण तिला मध्येमध्ये आवळून मणी करतो.

म्हणून ६, ८, १० आणि १२ टक्के अशी चार द्रावणं करा आणि चारींची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजा. ब्रुकफील्डचं श्यानतामापक नसेल तर ऑस्टवाल्डची नळी आणि स्टॉपवॉच घ्या, दाट द्रावणाला रुंद केशिकेची. संहती आणि श्यानता लॉग-लॉग कागदावर मांडलीत की एका जागी रेषेचा चढ एकदम वाढतो. साखळ्या एकमेकींत गुंतायला लागतात ती संहती ती. बिनमण्यांचे तंतू साधारण तिच्या दोन ते अडीचपटीला मिळू लागतात. हा आलेख प्रबंधात असला तर परीक्षक तुम्हाला दहा टक्केच का घेतले हे विचारणार नाहीत.

व्होल्टेज वाढवल्यावर मणी का वाढले? पंप जितकं देतो त्यापेक्षा वेगाने धार द्रव ओढायला लागते. मग शंकू आक्रसून सुईच्या आत शिरतो आणि धार अडखळत सुटते. मागे काळा कागद धरा, बाजूने बॅटरीचा उजेड टाका आणि सुईचं टोक भिंगातून बघा. शंकू स्थिर, आखूड आणि सुईच्या मध्यावर दिसला पाहिजे. भिंग लांबूनच धरा, हात सुईजवळ नको.

तुमची सुई मेडिकलमधली आहे म्हणजे तिचं टोक तिरकं कापलेलं असणार. त्या कापामुळे थेंब एका बाजूला लोंबतो आणि धार वाकडी जाते. बारीक पॉलिश पेपरवर घासून टोक सपाट करा, आतली बुर काढा, पाण्याने धुवा. पाच मिनिटांचं काम आहे, फरक डोळ्यांना दिसेल.

अगदी थोडं मीठ घातलं तरी वाहकता वाढून मणी कमी होतात. पण पाणी गाळायच्या चटईत मीठ घालू नका, पुढे त्याचाच हिशेब द्यावा लागेल.

पाण्यावरून आठवलं: पीव्हीए पाण्यात विरघळतो! चटई पाण्यात टिकावी म्हणून काय करणार आहात ते आधी सांगा. मोजणीवर रात्री सविस्तर लिहिते.

सोल्डरगन

विषय पहिल्यांदाच वाचतोय, छान वाटलं. एक शंका. जुन्या रंगीत टीव्हीच्या ईएचटीतून (पडद्याच्या नळीला उच्चदाब देणारा ट्रान्सफॉर्मर) २०-२५ किलोव्होल्ट सहज मिळतात. ज्या कॉलेजांना पुरवठा परवडत नाही त्यांनी ते वापरलं तर? माझ्याकडे दोन-तीन पडून आहेत.

तंतुवेडी

सोल्डरगन, तुमचा हेतू चांगला आहे, पण विद्यार्थ्यांच्या हातात ते देऊ नका. इलेक्ट्रोस्पिनिंगला प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये लागतो, म्हणून प्रयोगशाळेचे पुरवठे प्रवाहाला कडक मर्यादा घालून बनवतात. घरी जोडलेल्या ईएचटीला ती मर्यादा नसते, दाबही हलता राहतो आणि अर्थिंग बहुतेक वेळा अर्धवट असतं. शेजारी अ‍ॅसिटोन, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मअमाइड) अशा द्रावकांची वाफ असेल तर एक ठिणगी पुरते.

चांगला पुरवठा असला तरी बंद केल्यावर भार शिल्लक राहतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या लांब दांड्याला अर्थिंगची तार बांधा आणि यंत्राच्या पेटीचं दार उघडल्यावर पहिल्यांदा ती सुईला टेकवा. समुद्रफेन, हे तुमच्यासाठीही.

सोल्डरगन

पटलं. मग मी अर्थिंगचा दांडा आणि दार उघडताच पुरवठा तोडणारा स्विच असलेली पेटी यांचं रेखाचित्र काढून टाकतो. ते काम माझ्या हातचं आहे.

लिबेरेकर

चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स शहरात पीएचडी करतोय, याच विषयात. गाव पूर्वापार कापडाचं. इथल्या तांत्रिक विद्यापीठात ओल्डरिख यिरसाक यांच्या गटाने सुईशिवाय इलेक्ट्रोस्पिनिंगची पद्धत काढली. द्रावणाच्या ताटलीत अर्धवट बुडालेला रूळ फिरतो आणि त्याच्या अंगावरच्या पातळ थरातून असंख्य शंकू आपोआप उभे राहतात. तेच पुढे नॅनोस्पायडर नावाने यंत्र झालं. नंतर रुळाऐवजी तार आली. तारेवरून द्रावणाची डबी पुढेमागे धावते आणि तारेला पातळ लेप देत जाते.

हे का लागलं ते तुमच्याच आकड्यांवर बघू. ताशी १ मिली, १० टक्के द्रावण, म्हणजे तासाला ०.१ ग्रॅम कोरडा तंतू. ए-४ कागदाएवढी चटई चौरस मीटरला ५ ग्रॅम वजनाची हवी असेल तर ०.३ ग्रॅमच्या वर तंतू लागतो. झाले तीन तास, एका कागदाला. गाळणीच्या कारखान्यात कापड मीटर रुंद असतं आणि न थांबता चालतं. म्हणून तिथे जाड आधारकापडावर नॅनोतंतूंचा पातळ थर देतात, बऱ्याचदा चौरस मीटरला एक ग्रॅमहून कमी. तुम्हीही नुसती चटई सोलायच्या भानगडीत पडू नका. फॉइलवर पॉलिप्रोपिलीनचं पातळ नॉनवोव्हन (न विणलेलं कापड) ताणून बसवा आणि त्यावरच तंतू घ्या. चिकटायचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

थोडा इतिहास, कारण हे तंत्र नवं आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. घासलेला अंबर जवळ नेल्यावर पाण्याचा थेंब शंकूसारखा ओढला जातो हे विल्यम गिल्बर्टने १६०० च्या सुमारास नोंदवलं. कूली आणि मॉर्टन यांची पेटंटं १९०२ ची, अँटन फॉर्महाल्सचं अमेरिकी पेटंट १९३४ चं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सोव्हिएत काम. १९३८ साली रोझेनब्लुम आणि पेत्र्यानोव-सोकोलोव यांनी अशा तंतूंची गाळणी केली आणि तिचं उत्पादनही लवकरच सुरू झालं. पेत्र्यानोव गाळणी वापरून केलेला 'लेपेस्तोक' हा हलका मुखवटा १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या सफाईत कामगारांच्या तोंडावर होता. ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी १९९० च्या दशकात विषय पुन्हा हाती घेतला, आणि नॅनो हा शब्द चिकटला तो तेव्हापासून.

रेनेकरांच्या काळातली एक गोष्ट तुम्हाला प्रत्यक्ष बघता येईल. सुईपासून धार दोन-तीन सेंटिमीटर सरळ जाते आणि मग पंख्यासारखी पसरलेली दिसते. एका धारेच्या अनेक धारा झाल्या असंच डोळ्यांना वाटतं, पूर्वी अभ्यासकांचाही तोच समज होता. अतिवेगवान कॅमेऱ्याने फोटो घेतले तेव्हा कळलं की धार एकच आहे, ती प्रचंड वेगाने वेटोळी घेत खाली येते आहे. त्या वेटोळ्यांतच ती हजारो पट ताणली जाते आणि द्रावक उडून जातो. तंतू बारीक होतो तो तिथे. म्हणून अंतर फार कमी केलंत की ओला तंतू पाटीवर आपटतो.

कोष्टी_इचलकरंजी

आमच्याकडं हा विषय दुसऱ्या टोकानं येतो, म्हणून लिहितो. मी नॉनवोव्हनमध्ये आहे. इचलकरंजीत डीकेटीई या वस्त्र अभियांत्रिकीच्या कॉलेजात नॉनवोव्हनचं केंद्र झाल्यापासून या भागातल्या यंत्रमागवाल्यांच्या पोरांनाही मेल्टब्लोन म्हंजे काय ते कळायला लागलंय.

मेल्टब्लोनला द्रावक नाही, उच्चदाब नाही. पॉलिप्रोपिलीन वितळवायचं, एका ओळीत बारीक भोकं असलेल्या डायमधून काढायचं आणि दोन्ही बाजूंनी गरम हवेचा झोत मारायचा. झोत तंतू ओढतो, खाली जाळीच्या पट्ट्यावर शोषणानं जाळं बसतं. तंतू १ ते ५ मायक्रॉनचे, म्हंजे तुमच्या नॅनोपेक्षा जाड. पण माल टनात निघतो. मूळ काम अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत व्हेंटे यांनी १९५० च्या दशकात केलं.

इथं पण वरच्या ताईंचंच म्हणणं लागू आहे. मालच योग्य पाहिजे. पोती विणायच्या पट्टीला जे पॉलिप्रोपिलीन लागतं त्याचा मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) ३ च्या आसपास, स्पनबॉन्ड या जाड तंतूंच्या नॉनवोव्हनला ३५ च्या आसपास, मेल्टब्लोनला १२०० ते १५००. जाडा माल घालून हवा कितीबी वाढवा, तंतू बारीक होत नाही. हवा फार झाली की तंतू तुटून वर उडतो, आणि तापमान जास्त झालं की कापडावर बारीक कडक गोळ्या बसतात. आम्ही त्यांना शॉट म्हणतो. कापड हातानं चाचपलं की रेतीगत लागतं.

२०२० मध्ये मास्कसाठी सगळा देश मेल्टब्लोन शोधत होता तेव्हा लोकांना या कापडाचं नाव कळलं. त्या वेळी ज्यांना एन-९५ धुऊ नका म्हणून सांगितलं त्यांना कारण कुणी सांगितलं नाही. त्या कापडाला कोरोना डिस्चार्जनं, म्हंजे उच्चदाबाच्या विद्युत विसर्गानं (विषाणूशी याचा संबंध नाही), टिकाऊ विद्युतभार दिलेला असतो. जाळ्याची भोकं मोठी असूनही बारीक कण भारामुळं तंतूकडं ओढला जातो. साबणानं किंवा स्पिरिटनं तो भार जातो. कापड दिसायला तसंच राहतं, श्वास घ्यायलाबी तसंच, पण गाळणं ढासळतं. गाळणी तपासताना आम्ही मुद्दाम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भार घालवून दुसरी चाचणी घेतो, म्हंजे नुसत्या तंतूंच्या जोरावर किती गाळलं ते कळतं. तुमच्या नॅनोतंतूंचा खरा फायदा इथं आहे. भार नसला तरी तंतू बारीक असल्यानं गाळतात.

लिबेरेकर

कोष्टीदादा, अगदी बरोबर. आणखी एक कारण आहे. हवेतल्या रेणूचा दोन टकरींमधला सरासरी प्रवास साधारण ६५ नॅनोमीटरचा असतो. तंतूची जाडी त्याच्या जवळपास आली की हवा तंतूच्या पृष्ठाशी थांबत नाही, घसरून पुढे जाते. त्यामुळे गाळण वाढूनही श्वासाला होणारा अडथळा त्या प्रमाणात वाढत नाही. पाण्याला हे लागू नाही, ते फक्त हवेपुरतं. समुद्रफेन, तुमच्या प्रस्तावनेत हवेच्या गाळणीचे फायदे पाण्याच्या नावावर जमा करू नका.

तंतुवेडी

आता मोजणी. यावर मी जरा लांब लिहिणार आहे, कारण तंतू काढणं लोक शिकतात आणि मोजणं उरकून टाकतात.

समुद्रफेन, एक हजार पटीचे फोटो जाडी मोजायला निरुपयोगी आहेत. त्या मोठेपणाला चित्राची रुंदी साधारण १२५ मायक्रॉनची असते. चित्र १२८० पिक्सेलचं धरलं तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर. तुमचा तंतू २०० नॅनोमीटरचा असेल तर तो दोन पिक्सेलचा झाला. कडा ठरवताना एका पिक्सेलची चूक झाली की निम्म्याची चूक. एक हजार पटीचा फोटो मणी दाखवायला आणि चटईचा एकसारखेपणा दाखवायला ठेवा. जाडीसाठी दहा हजार पट घ्या, तिथे पिक्सेल १० नॅनोमीटरचा होतो.

नमुना चटईच्या मध्यातून आणि कडेने, दोन्हीकडून कापा. सोन्याचा लेप किती नॅनोमीटरचा दिला ते तंत्रज्ञांना विचारून वहीत लिहा. १० नॅनोमीटरचा लेप तंतूच्या दोन्ही बाजूंना बसतो, म्हणजे १५० नॅनोमीटरचा तंतू १७० चा दिसतो. इलेक्ट्रॉनांचा वेग कमी ठेवायला सांगा, ५ किलोव्होल्टच्या आसपास. जास्त ठेवला तर नाजूक तंतू डोळ्यांदेखत सुजतात आणि वाकतात.

मोजायला इमेजजे हे संगणकावरचं साधन वापरा, फुकट आहे. फोटोतल्या मापपट्टीवर रेघ ओढून आधी प्रमाण ठरवा. मग चित्रावर समान अंतराच्या आडव्या रेषा टाका आणि ज्या ज्या तंतूला रेषा छेदते तो प्रत्येक मोजा, तंतूच्या काटकोनात. एकाच तंतूला दोनदा छेद गेला तर एकदाच. मणी सोडा, पण किती सोडले ते लिहा. रेषा का? मनाने निवडायला गेलं की नजर वरच्या थरातल्या, उठावदार, जाड तंतूंवर जाते आणि सरासरी फुगते. निदान तीन वेगवेगळ्या जागांच्या फोटोंतून मिळून शंभर तंतू घ्या. डायमीटरजे नावाचं जोडसाधन हे काम आपोआप करतं, पण आधी हाताने केलेल्या मोजणीशी त्याचा ताळा जमतो का ते बघा. तंतू एकमेकांवर चिकटले असतील तर ते दोघांना मिळून एक जाड तंतू समजतं.

नुसती सरासरी देऊ नका. २५० अधिक-उणे १२० असं लिहिलं की तंतू एकाच जातीचे पण विस्कळीत आहेत, की दोन जातींचे आहेत, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आयतालेख (हिस्टोग्राम) काढा. दोन शिखरं दिसली तर धार मध्येच अस्थिर झाली होती असं समजून सुईकडे परत जा.

सच्छिद्रतेसाठी महागडं यंत्र नसलं तरी चालेल. समजा १० बाय १० सेंमीची चटई ५० मिलीग्रॅम भरली आणि जाडी २५ मायक्रॉन आली. आकारमान ०.२५ घनसेंमी, घनता ०.२. पीव्हीएची स्वतःची घनता १.३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ८५ टक्के जागा मोकळी. मात्र मायक्रोमीटरचा स्क्रू चटई दाबून टाकतो. काचेच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये चटई ठेवून जाडी घ्या आणि पट्ट्यांची वजा करा.

पेशीवाचक

मी जीवशास्त्राकडून या विषयात आले. आमच्याकडे पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या चटईवर त्वचेच्या पेशी वाढवतात. इथे एक गैरसमज फार आढळतो की तंतू जितका बारीक तितका चांगला. तंतू बारीक झाले की त्यांच्यामधली भोकंही बारीक होतात. पेशी १०-२० मायक्रॉनची, भोक एक मायक्रॉनचं. पेशी वर पसरते, आत उतरत नाही. जखमेवरच्या पट्टीला ते चालतं, ऊतींचा सांगाडा करायचा तर नाही. तिथे काही मायक्रॉनचे तंतू किंवा दोन्हींची मिसळ घ्यावी लागते. सच्छिद्रता ८५ टक्के आहे एवढ्याने भोक केवढं ते कळत नाही, हे लक्षात असू द्या.

क्लोरोफॉर्म टाळायचा म्हणून हल्ली फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्लाचं मिश्रण वापरतात. ते कमी घातक, पण त्यात पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या साखळ्या हळूहळू तुटतात. द्रावण ताजंच वापरावं. आठवडाभर ठेवलेल्या बाटलीतून निराळे तंतू येतात आणि लोक यंत्राला दोष देतात.

एक विनंती. कोरडी चटई फॉइलवरून खरवडू नका आणि मास्कशिवाय कापू नका. ५ मायक्रॉनहून लांब, ३ मायक्रॉनहून बारीक आणि लांबी जाडीच्या तिपटीहून जास्त, असे तंतू श्वासात खोलवर जाऊ शकतात असं धरून आरोग्य संघटनांची मोजणी चालते. तुमचे तंतू अखंड असतात, पण कात्रीने कापलं की तुकडे होतात.

समुद्रफेन

सगळ्यांचे मनापासून आभार. सुई घासली, १० टक्क्यांचं द्रावण केलं. शंकू आता मध्यावर बसतो, ओढणं बघायला फार सुंदर वाटतं. पावसाचं काय करू ते मात्र राहिलं. खोलीत आर्द्रता ८५ च्या खाली येत नाही. पाण्यात टिकवण्यासाठी साखळ्या एकमेकींना जोडणारं ग्लुटारल्डिहाइड वापरायचा विचार आहे, पण एका ठिकाणी मिथेनॉलमध्ये नुसतं बुडवलं तरी चालतं असं वाचलं.

तंतुवेडी

पावसासाठी सोल्डरगन यांची पेटीच वापरा. फटी बुजवा, तळाशी भट्टीत वाळवलेल्या सिलिका जेलची परात ठेवा, आत आर्द्रतामापक लावा आणि आकडा ४५-५० पर्यंत उतरल्यावरच सुरू करा. आर्द्रता साठच्या वर असली की पाण्यातल्या द्रावणातून काढलेला तंतू पाटीवर पोचेपर्यंत सुकत नाही, शेजारच्याला चिकटतो. उलट विदर्भात एप्रिलमध्ये अ‍ॅसिटोनसारखा झटकन उडणारा द्रावक घेतला तर सुईच्या टोकावरच पापुद्रा धरून धार बंद पडते. म्हणून प्रत्येक नमुन्यासमोर तारीख, तापमान आणि आर्द्रता लिहाच. पुण्यात कुणी तुमची कृती करून बघेल तेव्हा त्याला तेच आकडे लागतील.

मिथेनॉलचं वाचलंत ते खरं आहे, पण पूर्ण हायड्रोलाइज्ड, म्हणजे ९८-९९ टक्क्यांच्या पीव्हीएसाठी. मिथेनॉल तंतूत अडकलेलं पाणी काढून घेतो, साखळ्या जवळ येऊन स्फटिक वाढतात आणि चटई पाण्यात तग धरते. तुमच्या ८७-८९ च्या प्रतीत उरलेले अ‍ॅसिटेट गट साखळ्यांना नीट रचू देत नाहीत. ९८ ची प्रत घ्यायची तर तिचा पृष्ठताण जास्त, धार सुटायला कुरकुरते. पृष्ठताण कमी करणाऱ्या ट्रायटन एक्स-१०० चा थेंब लागतो आणि तो नंतर धुऊन काढावा लागतो. हाताशी असलेल्या प्रतीवरच काम करायचं असेल तर ग्लुटारल्डिहाइड ठीक. आम्ल आणि ग्लुटारल्डिहाइडची वाफ बंद डेसिकेटरमध्ये द्या, सगळं फ्यूम हूडमध्ये, आणि नंतर चटई भरपूर पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्यात ग्लुटारल्डिहाइड उरलं आहे का ते तपासल्याशिवाय पाणी गाळायची चाचणी सुरू करू नका.

आणि छोटा तुकडा आधी करा. कोरडं वजन, चोवीस तास पाण्यात, परत वाळवून वजन, दोन्ही वेळचे दहा हजार पटीचे फोटो. ते इथे टाका, मोजून बघू.